डब्बा टीव्हीमागचा माणूस

आधीच सांगून टाकते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. मराठीत सलग चार पानं लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तेव्हा चुका झाल्या तर सांभाळून घ्या. पण हा विषय डोक्यात असा काही बसला की तो इंग्लिश सेक्शनला द्यावासाच वाटला नाही.

झालं असं, की दिवाळीच्या सुट्टीत सांगलीला घरी गेले, तर हॉलमधला आमचा जुना डब्बा टीव्ही गायब! त्याच्या जागी भिंतीवर ४३ इंची कोरा करकरीत एलईडी टीव्ही. जुना टीव्ही माळ्यावर टाकायचा होता, पण तो चढवायला दोन माणसं लागतात आणि आमच्या घरात दोन माणसं एका वेळी कामाला सापडत नाहीत. त्यामुळे तो जिन्याखाली चादर पांघरून बसला होता.

त्याच दिवशी दादाला कपाट आवरताना आमचा लहानपणीचा व्हिडिओ गेम सापडला. दोन रिमोट, पाच-सहा कॅसेट आणि ती बदकं मारायची बंदूक! लगेच पैज लागली. हरेल त्याने फराळाची सगळी भांडी घासायची. पिना नव्या टीव्हीला जोडल्या, चित्र आलं, आणि माझी फजिती सुरू झाली. मी बटण दाबायचे आणि हिरो जणू क्षणभर विचार करून मग उडी मारायचा. तोपर्यंत तो खड्ड्यात! बंदुकीची तर बातच सोडा. अगदी काचेला नळी टेकवून मारलं तरी एक बदक पडेना. दादाचं म्हणणं असं की हॉस्टेलला गेल्यापासून माझा हात गेला. त्या दिवशी भांडी मीच घासली.

पण मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे झोपल्यावर मी जिन्याखालचा टीव्ही तिथेच चालू केला आणि तोच गेम त्याला जोडला. उडी जिथे पाहिजे तिथे! बदकं पटापट पडायला लागली. म्हणजे हात माझा गेला नव्हता. मग गेलं होतं ते काय?

सुट्टीनंतर लॅबमध्ये सरांना हेच विचारलं. सरांनी सरळ उत्तर दिलं नाही. आमच्या लॅबमध्ये आता नवे डीएसओ आलेत, पण कोपऱ्यात दोन-तीन जुने सीआरओ अजून आहेत. त्यातल्या एकाकडे बोट दाखवून सर म्हणाले, की यातली नळी पहिल्यांदा कोणी केली ते शोधून काढ, म्हणजे तुझं उत्तर तुला सापडेल. शोधायला गेले आणि सापडला एक माणूस. ज्याचं नाव मी तीन वर्षं ईएनटीसीला असूनही धड ऐकलं नव्हतं. कार्ल फर्डिनांड ब्राऊन.

ब्राऊन यांचा जन्म ६ जून १८५० रोजी फुल्डा या गावी झाला. आज हे गाव जर्मनीत आहे, पण तेव्हा जर्मनी नावाचा एक देशच नव्हता, छोटी छोटी संस्थानं होती. वडील सरकारी कचेरीत नोकरीला. म्हणजे घर आपल्यासारखंच, पगारावर चालणारं. गावातलं शिक्षण संपवून फर्डिनांड आधी मारबुर्गला आणि मग बर्लिनच्या विद्यापीठात गेला. १८७२ मध्ये, बाविसाव्या वर्षी, त्याने डॉक्टरेट मिळवली. विषय होता ताणलेल्या तारांची कंपनं. पुढे ज्याच्या कामामुळे जगभर हवेतून संदेश गेले, त्याची सुरुवात अशी साध्या तारेपासून झाली.

डॉक्टरेट झाली, पण पोटाचं काय? व्युर्झबर्ग इथे क्विंके नावाच्या प्राध्यापकांकडे ब्राऊन असिस्टंट म्हणून लागले. असिस्टंटचा पगार तेव्हाही बेताचाच असायचा. म्हणून त्यांनी शाळामास्तर व्हायची परीक्षा दिली आणि १८७४ मध्ये लाइपझिगच्या सेंट थॉमस शाळेत ते शिकवू लागले. ही साधीसुधी शाळा नव्हे, प्रसिद्ध संगीतकार बाख एकेकाळी याच शाळेत होता. तरी शेवटी शाळाच! आपल्याकडे एखादा पीएचडी झालेला माणूस हायस्कूलला शिकवायला लागला तर लोक हळहळतात. ब्राऊन यांनी मात्र १८७५ मध्ये मुलांसाठी गणिताचं आणि विज्ञानाचं एक पुस्तकही लिहून टाकलं.

आणि त्याच १८७४ साली त्यांनी एक शोध जाहीर केला. गॅलेनासारखी काही खनिजं असतात, धातू आणि गंधक यांची बनलेली. अशा स्फटिकाला एका बाजूने नीट कनेक्शन द्यायचं आणि दुसऱ्या बाजूने तारेचं टोक टेकवायचं. ब्राऊन यांना दिसलं, की करंट एका दिशेने सहज जातो आणि उलट दिशेने कमी जातो. ओहमचा नियम इथे चालेना! आपण फर्स्ट इयरला डायोडचा ग्राफ काढतो ना, तोच प्रकार. फक्त डायोड हा शब्द तेव्हा जन्मालाही आला नव्हता. धातू आणि सेमीकंडक्टरच्या जोडाचा जो डायोड आज आपण शॉट्की या नावाने शिकतो, त्याचा मूळपुरुष हा मास्तरांचा खडा.

लोकांनी फार लक्ष दिलं नाही. हा प्रयोग प्रत्येकाला जमायचा नाही, स्फटिकाची योग्य जागा सापडावी लागायची. शिवाय त्याचा उपयोग काय, हेच कोणाला कळत नव्हतं. पंचवीसेक वर्षांनी रेडिओ आला तेव्हा कळलं. इथे आपल्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. कोलकात्याच्या जगदीशचंद्र बोस यांनी रेडिओ लहरी पकडायला गॅलेनाच्या स्फटिकाचा वापर केला. त्यासाठी १९०१ मध्ये अमेरिकेत अर्ज झाला आणि १९०४ मध्ये पेटंट मिळालं. पुढे १९४७ च्या डिसेंबरमध्ये बेल लॅबमध्ये पहिला ट्रान्झिस्टर झाला, तोसुद्धा जर्मेनियमच्या तुकड्यावर धातूची टोकं टेकवूनच.

शाळेत ब्राऊन फार वर्षं राहिले नाहीत. १८७७ मध्ये मारबुर्गला प्राध्यापक, १८८० मध्ये स्ट्रासबर्ग, १८८३ मध्ये कार्ल्सरुहे, १८८५ मध्ये ट्युबिंगेन. त्याच १८८५ मध्ये आमेली ब्यूलर यांच्याशी लग्न झालं. त्यांना दोन मुलगे आणि दोन मुली. सरकारी नोकरांच्या बदल्या होतात तसा हा संसार गावोगाव फिरत होता.

त्यातल्या कार्ल्सरुहेची एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथलं टेक्निकल कॉलेज म्हणजे तेव्हाचं इंजिनिअरिंग कॉलेजच. ब्राऊन तिथून गेल्यावर त्यांच्या जागी आले हाइनरिख हर्ट्झ, ज्यांनी तिथेच रेडिओ लहरी सिद्ध करून दाखवल्या. हर्ट्झ गेल्यावर १८८९ मध्ये त्यांच्या जागी आले ओटो लेहमान, ज्यांनी लिक्विड क्रिस्टलवर आयुष्यभर काम केलं. एलसीडी मधला एलसी तो हाच! म्हणजे बघा, जुन्या टीव्हीची नळी, टीव्हीपर्यंत येणाऱ्या लहरी आणि नव्या टीव्हीचा पडदा, या तिन्ही गोष्टींची माणसं एकामागोमाग एकाच खुर्चीवर बसून गेली. आपल्या डिपार्टमेंटच्या खुर्च्यांकडे मी तेव्हापासून जरा आदराने बघते.

१८९५ मध्ये ब्राऊन स्ट्रासबर्गला परत आले, या वेळी भौतिकशास्त्र संस्थेचे प्रमुख म्हणून. तेव्हा गावोगावी विजेचे कारखाने उभे राहात होते आणि एसी करंट नवा होता. तो सेकंदाला कित्येक वेळा दिशा बदलतो हे सगळ्यांना माहीत होतं. पण बदलतो कसा, त्याचा आकार कसा असतो, हे बघायचं कशाने? काटा असलेलं मीटर एवढ्या वेगाने हलूच शकत नाही, कारण काट्याला वजन असतं. ब्राऊन यांना असा काटा हवा होता ज्याला जवळजवळ वजनच नाही.

तो त्यांना काचेच्या नळीत मिळाला. हवा काढून घेतलेल्या नळीत जास्त व्होल्टेज दिलं की कॅथोडपासून किरण निघतात, हे आधीपासून माहीत होतं. ब्राऊन यांनी नळीत मध्ये एक बारीक भोक असलेला अडसर घातला, म्हणजे किरणांचा एक सरळ झोत मिळेल. समोर अभ्रकाच्या तुकड्यावर चमकणारा लेप दिला. झोत लेपावर पडला की तिथे प्रकाशाचा ठिपका. नळीच्या मानेपाशी बाहेरून तारेचं वेटोळं ठेवलं. वेटोळ्यातून करंट गेला की चुंबकाच्या ओढीने ठिपका वर-खाली नाचायचा. मग तो ठिपका फिरत्या आरशात बघायचा, म्हणजे उभ्या रेषेची छान लाट दिसायची. स्ट्रासबर्गच्या वीज केंद्रातून येणाऱ्या करंटचा आकार त्यांनी असा डोळ्यांनी बघितला. साइन वेव्ह आपण इतक्या वेळा जर्नलमध्ये काढतो की तिचा कंटाळा येतो. पण ती पहिल्यांदा अशी समोर चमकताना बघून त्या माणसाला काय वाटलं असेल!

हा लेख १५ फेब्रुवारी १८९७ चा. जे. जे. थॉमसन यांनी कॅथोड किरण म्हणजे अतिसूक्ष्म कण असतात हे जाहीर केलं ते त्यानंतर, एप्रिलच्या अखेरीस. म्हणजे इलेक्ट्रॉनची ओळख पटायच्या आधीच ब्राऊन यांनी त्याला कामाला लावलं होतं. पुढे १८९९ मध्ये त्यांचे असिस्टंट योनाथन झेनेक यांनी ठिपका आडवा सरकवायची सोय नळीलाच केली, आणि फिरता आरसा गेला. सीआरओ वर टाइम बेसचं बटण फिरवताना आपण झेनेकसाहेबांचंच काम वापरत असतो.

आता महत्त्वाची गोष्ट. ब्राऊन यांनी या नळीचं पेटंट घेतलं नाही. ती कशी करायची हे सगळं छापून मोकळे झाले. ज्याला हवी त्याने करावी आणि वापरावी. त्यांच्या दृष्टीने ते प्रयोगशाळेतलं एक चांगलं मीटर होतं, बस्स.

आणि जगाने ती वापरली. १९०६ मध्ये त्यांच्याच हाताखालच्या माक्स डिकमान यांनी ग्लागे नावाच्या जोडीदाराबरोबर या नळीवर चित्र उमटवायचा प्रयत्न केला. १९०७ मध्ये रशियात बोरिस रोझिंग यांनी तोच रस्ता धरला. डिसेंबर १९२६ मध्ये जपानमध्ये केंजिरो ताकायानागी यांनी नळीवर जपानी लिपीतलं एक अक्षर दाखवलं. सप्टेंबर १९२७ मध्ये अमेरिकेत फिलो फार्न्सवर्थ यांनी कॅमेरा आणि पडदा दोन्हीकडे इलेक्ट्रॉनिक्स वापरून चित्र पाठवलं. पुढची साठ-सत्तर वर्षं टीव्ही म्हणजे ही नळीच. जपानी लोक तर तिला आजही ब्राऊन यांच्याच नावाने ओळखतात.

पण खुद्द ब्राऊन यांचं लक्ष तोपर्यंत दुसरीकडे गेलं होतं. १८९८ पासून ते वायरलेसच्या मागे लागले. मार्कोनी यांचं यंत्र तेव्हा गाजत होतं, पण त्यात एक अडचण होती. ठिणगी थेट अँटेनाच्या सर्किटमध्येच पडायची, त्यामुळे फार ताकद देता यायची नाही आणि लहर लगेच विझायची. संदेश काही किलोमीटरच्या पुढे जायला कुरकुर करायचा. ब्राऊन यांनी ठिणगीचं सर्किट वेगळं काढलं, त्यात मोठे कपॅसिटर घातले आणि ते ट्रान्सफॉर्मरच्या मार्फत अँटेनाला जोडलं. आता ताकदही वाढवता येऊ लागली आणि ट्यूनिंगही करता येऊ लागलं. १९०० मध्ये कुक्सहाफेनहून समुद्रातल्या हेल्गोलँड बेटापर्यंत, म्हणजे सुमारे ६० किलोमीटर, संदेश गेला. १९०५ मध्ये त्यांनी तीन अँटेना त्रिकोणात उभ्या करून लहर हव्या त्या दिशेला पाठवूनही दाखवली. आज मोबाइलच्या टॉवरवर जे चालतं त्याचं बीज त्यात आहे.

या कामाची मात्र त्यांनी पेटंटं घेतली. त्यावर कंपनी निघाली, आणि १९०३ मध्ये ती दुसऱ्या एका कंपनीच्या कामाबरोबर एकत्र होऊन टेलिफुंकन झाली. १९०९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मार्कोनी आणि ब्राऊन यांना मिळून मिळालं. मार्कोनी तेव्हा ३५ वर्षांचे, ब्राऊन ५९ चे. गंमत म्हणजे ब्राऊन यांनी स्फटिकाचा शोध जाहीर केला त्याच १८७४ साली मार्कोनींचा जन्म झाला होता! नोबेल मिळालं ते वायरलेससाठी. नळीसाठी नाही, खड्यासाठीही नाही.

इथे गोष्ट संपली असती तर ती नेहमीची शास्त्रज्ञाची गोष्ट झाली असती. पण तसं झालं नाही.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. इंग्रजांनी जर्मनीच्या समुद्राखालच्या तारा तोडल्या. आता अमेरिकेशी बोलायला जर्मनीकडे वायरलेसच उरलं होतं, आणि टेलिफुंकनचं एक मोठं स्टेशन न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर सेव्हिल इथे होतं. मार्कोनींच्या कंपनीने पेटंटचा दावा लावला. तो जिंकला असता तर स्टेशन बंद पडलं असतं. साक्ष द्यायला जाणार कोण? ज्याचं पेटंट तोच! चौसष्ट वर्षांचे ब्राऊन, तब्येत आधीच बरी नसलेली, झेनेक यांना बरोबर घेऊन भर युद्धात समुद्र ओलांडून न्यूयॉर्कला गेले. साक्ष द्यायची आणि परत यायचं, एवढंच ठरलेलं होतं.

ते परत आले नाहीत. खटला लांबला, आजारपण वाढलं आणि अटलांटिकवर इंग्रजांचा पहारा होता. ब्रुकलिनमध्ये त्यांचा एक मुलगा राहायचा, त्याच्याकडे ते थांबले. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिकाच युद्धात उतरली आणि नोबेल मिळालेला हा म्हातारा प्राध्यापक एका रात्रीत शत्रू देशाचा नागरिक झाला. त्यांना तुरुंगात टाकलं नाही, ब्रुकलिनमध्ये फिरायची मुभा होती. पण घरी जायची नाही. प्रयोगशाळा नाही, विद्यार्थी नाहीत. पन्नास वर्षं ज्याचे हात कशा ना कशात गुंतलेले होते तो माणूस खिडकीत बसून युद्ध संपायची वाट बघत राहिला.

२० एप्रिल १९१८ रोजी ब्राऊन तिथेच वारले. युद्ध संपायला सात महिनेसुद्धा उरले नव्हते. ते जिवंत राहिले असते तरी त्यांचं स्ट्रासबर्ग त्यांना मिळालं नसतं, कारण युद्धानंतर ते फ्रान्सकडे गेलं. १९२१ मध्ये त्यांच्या अस्थी फुल्डाला नेऊन ठेवल्या. सत्तर वर्षांचा प्रवास, शेवटी जिथून निघाले तिथेच.

हे वाचलं त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. ज्या शोधाचं पेटंट घेतलं त्यानेच त्यांना घरापासून हजारो मैलांवर अडकवून ठेवलं. आणि ज्या नळीचं पेटंट घेतलं नाही ती मात्र बिनदिक्कत कोणाच्याही देशात गेली. तिला कोणी सरहद्दीवर अडवलं नाही. पेटंट घेऊच नये असं मला म्हणायचं नाही. आयपीआरचा पेपर मलाही द्यायचाय! कंपनी चालवायची, लोकांना पगार द्यायचे तर पेटंट लागतंच. पण एका माणसाच्या आयुष्यात दोन्ही गोष्टी इतक्या समोरासमोर आल्या की विचार करावाच लागतो.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येते, कारण सर म्हणाले ते खरं निघालं.

डब्बा टीव्हीत ब्राऊन यांची तीच नळी आहे, फक्त मोठी. आपल्याकडच्या पॅल पद्धतीत ६२५ रेषांचं चित्र सेकंदाला २५ वेळा काढलं जातं, म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेषा. एका रेषेला ६४ मायक्रोसेकंद. गेमच्या डब्यातून सिग्नल आला की इलेक्ट्रॉनचा झोत त्याच क्षणी तसा चमकतो. टीव्ही काही साठवत नाही, काही विचार करत नाही. ब्राऊन यांना ज्याला वजन नाही असा काटा हवा होता, तोच हा. त्यामुळे माझ्या बोटात आणि हिरोच्या उडीत टीव्हीमुळे काही उशीर होत नव्हता.

नवा एलईडी टीव्ही मुळात एलसीडीच असतो, एलईडी फक्त मागून उजेड देतात. तो आधी आलेलं चित्र मेमरीत घेतो. सम आणि विषम रेषा जोडतो, जुनं छोटं चित्र आपल्या लाखो पिक्सेलवर ताणतो, रंग खुलवतो, कडा रेखीव करतो, आणि मग दाखवतो. सिनेमा बघताना याने काही बिघडत नाही. पण दोन-तीन चित्रं जरी त्याने धरून ठेवली तरी चाळीस-साठ मिलिसेकंद गेले. तेवढ्यात हिरो खड्ड्यात! बंदुकीचं तर आणखी वेगळं. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीच्या नळीत असलेल्या सेन्सरला तो उजेड ठरलेल्या क्षणीच दिसला पाहिजे. नवा टीव्ही तो उशिरा दाखवतो, म्हणून नेम कितीही चांगला असला तरी बदक उडून जातं.

पण याचा अर्थ जुना चांगला आणि नवा वाईट असा नाही हं. डब्बा जड, वीज जास्त खातो, त्याच्या कोपऱ्यात चित्र वाकडं होतं. आजच्या गेममधली बारीक अक्षरं त्यावर वाचताच येणार नाहीत. नव्या टीव्हीत गेम मोड असतो, तो लावला की मधली बरीच सजावट बंद होते आणि उशीर खूप कमी होतो. चांगल्या टीव्हीवर आजचे गेम खेळताना तो जाणवतही नाही. खरं म्हणजे जुना गेम जुन्या नळीसाठी लिहिलेला होता आणि नवा गेम नव्या पडद्यासाठी. जोडी चुकली की भांडी घासावी लागतात!

आणि नव्या टीव्हीत ब्राऊन नाहीत असं वाटत असेल तर तेही चूक. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल असतात. प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन भाग, आणि प्रत्येक भागाला स्वतःचा ट्रान्झिस्टर. म्हणजे बासष्ट लाखांच्या वर! हे सगळं सेमीकंडक्टरचं घराणं, आणि त्याची एक जुनी मुळी जाते ती थेट १८७४ च्या त्या मास्तरांच्या खड्यापर्यंत. आमच्या हॉलमध्ये भिंतीवर एक टीव्ही आणि जिन्याखाली दुसरा. दादा आणि मी भांडत होतो ते एकाच माणसाच्या दोन शोधांवरून.

शेवटची एक गोष्ट. १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रुकहेवन इथल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत लोकांना बघायला बोलावलं होतं. लोक कंटाळू नयेत म्हणून विल्यम हिगिनबॉथम नावाच्या शास्त्रज्ञाने पाच इंची ऑसिलोस्कोपवर टेनिसचा गेम करून ठेवला. ठिपका म्हणजे चेंडू, बटण दाबलं की टोला. खेळायला रांगा लागल्या. जगातल्या अगदी पहिल्या व्हिडिओ गेमपैकी तो एक. हिगिनबॉथम यांनीही पेटंट घेतलं नाही. आणि हे ब्रुकहेवन कुठे आहे? लाँग आयलंडवर. ज्या बेटावर सेव्हिलचं ते स्टेशन होतं, आणि ज्या बेटाच्या एका टोकाला ब्रुकलिनमध्ये घरी जायची वाट बघत ब्राऊन वारले, त्याच बेटावर चाळीस वर्षांनी त्यांचा ठिपका चेंडू होऊन उड्या मारत होता. पोरं-बाळं त्याच्याकडे बघून हसत होती. हे त्यांना बघायला मिळायला हवं होतं, असं मला फार वाटतं.

आता एक विनंती. आमच्या लेडीज हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये कपाटामागे एक डब्बा टीव्ही पडून आहे. यंदा जुनं सामान ई-वेस्टमध्ये जाणार असं ऐकलं. रेक्टर मॅडम, तो द्यायच्या आधी आम्हाला फक्त एक रविवार द्या. मी सांगलीहून गेमचा डब्बा, कॅसेट आणि बंदूक घेऊन येते. नवा टीव्ही शेजारी ठेवू आणि दोन्हींवर खेळून बघू. आणि मुलींनो, कोणी उत्साहाने त्याचं मागचं झाकण उघडू नका. आत हजारो व्होल्ट असतात आणि स्विच बंद केला तरी काही काळ राहू शकतात.

हरेल तिने मेसची ताटं घासायची. मी तयार आहे, फक्त बदकं मी जुन्या टीव्हीवर मारणार!